यूइनपुट आणि पायथन-एव्हडेव्ह : पायाच्या पेडलासाठी केलेल्या वापराचे परीक्षण

मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकून ती शब्दशः उतरवून काढणे हे माझे रोजचे काम आहे. या कामात दोन्ही हात कळफलकावर गुंतलेले असतात आणि ध्वनिमुद्रण मात्र दर एक-दोन वाक्यांनी थांबवावे लागते, म्हणून ते पायाने थांबवता आणि पुन्हा सुरू करता येईल असे पेडल लागते. गेल्या वर्षी मी दोन पट्ट्यांचे एक साधे यूएसबी पेडल विकत घेतले. असे पेडल संगणकाला जोडले की ते कळफलक म्हणूनच ओळखले जाते. माझ्या पेडलाची डावी पट्टी दाबली की 'ए' ही कळ दाबल्याचा निरोप जात असे आणि उजवी दाबली की 'बी' ही कळ. मी इनस्क्रिप्ट मांडणीत लिहिते आणि त्या मांडणीत 'ए'च्या जागी ओकाराची मात्रा, तर 'बी'च्या जागी 'व' आहे. त्यामुळे 'काम' हा शब्द लिहून डावी पट्टी दाबली की ध्वनिमुद्रण थांबण्याऐवजी कागदावर 'कामो' उमटे आणि उजवी दाबली की 'कामव'. पट्ट्यांच्या कळा बदलून देणारे निर्मात्याचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी होते, आणि माझा संगणक लिनक्सवर चालतो.

या अडचणीतून मी ज्या साधनापर्यंत पोहोचले, त्याचे हे परीक्षण आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, यूइनपुट नावाचे एक मोड्यूल आहे. ते '/डेव्ह/यूइनपुट' ही एक फाइल उपलब्ध करून देते. कोणताही साधा प्रोग्राम ती फाइल उघडतो, आपल्या आभासी उपकरणाला कोणकोणत्या कळा असतील हे आधी जाहीर करतो, मग उपकरण निर्माण करण्याची आज्ञा देतो, आणि त्यानंतर त्या फाइलीत जे इव्हेंट, म्हणजे कळ दाबल्या-सोडल्याचे निरोप, लिहील ते खऱ्या कळफलकावरून आल्यासारखे संपूर्ण संगणकाला दिसतात. त्यासाठी ड्रायव्हर लिहावा लागत नाही आणि कर्नलला हातही लावावा लागत नाही. प्रोग्रामने फाइल बंद केली किंवा तो मध्येच कोसळला तरी आभासी उपकरण आपोआप नाहीसे होते, ही मला त्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. हे काही आडबाजूचे साधन नाही. ब्लूटूथ हेडफोनवरचे बटण दाबून लिनक्सवर गाणे थांबते ते ब्लूझेड ही लिनक्सची ब्लूटूथ व्यवस्था याच मार्गाने घडवून आणते, आणि संगणकावरच्या खेळांसाठीचे स्टीम हे सॉफ्टवेअरही खेळांच्या कंट्रोलरसाठी यूइनपुटच वापरते.

सी भाषेतून हे सगळे थेट करता येते, आणि २०१६ साली आलेल्या कर्नलच्या ४.५ आवृत्तीपासून उपकरणाची मांडणी करण्याची पद्धत पूर्वीपेक्षा बरीच सुटसुटीत झाली आहे. मी मात्र पायथन भाषेसाठीची पायथन-एव्हडेव्ह ही लायब्ररी (तयार कोडचा संच) निवडली, कारण पेडलाकडून इव्हेंट वाचणे आणि आभासी उपकरणातून ते लिहिणे या दोन्ही गोष्टी तिच्यात एकाच जागी आहेत. ती विनामूल्य आहे आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या भांडारांतून थेट बसवता येते. मला फार प्रोग्रामिंग येत नाही, तरी माझा पहिला चालता प्रोग्राम वीसेक ओळींत झाला.

त्या वीस ओळींत काय होते ते नीट सांगते. प्रथम पेडलाची उपकरण-फाइल उघडून पेडलाला 'ग्रॅब' करायचे, म्हणजे त्याचे इव्हेंट फक्त आपल्या प्रोग्रामकडे येतात आणि इतर कोणालाही ऐकू जात नाहीत. एवढ्याने 'कामो' आणि 'कामव' बंद झाले. मग फक्त 'प्ले-पॉज' ही एकच कळ असलेले आभासी उपकरण निर्माण करायचे. कर्नलमध्ये प्रत्येक कळेला क्रमांक असतो: 'बी'चा ४८ आणि 'प्ले-पॉज'चा १६४. पेडलाकडून ४८ आला की आपण १६४ लिहायचा, आधी किंमत १, म्हणजे दाबली, आणि मग किंमत ०, म्हणजे सोडली. त्यानंतर लिहायच्या 'सिंक' इव्हेंटला विसरून चालत नाही, कारण तो लिहिल्याशिवाय आधीचे इव्हेंट वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मी तो विसरले होते आणि पेडल मृत असल्याप्रमाणे गप्प होते. माझ्या डेस्कटॉपवर 'प्ले-पॉज' ही कळ कोणत्याही खिडकीत असताना दाबली तरी ध्वनी वाजवणाऱ्या प्रोग्रामलाच मिळते, त्यामुळे लेखनाची खिडकी सोडावी लागत नाही.

जुन्या लघुलेखकांच्या ध्वनियंत्रांत पेडल दाबून धरले असेल तोवरच आवाज चाले आणि पाय उचलला की थांबे. मला तीच सवय हवी होती. त्यासाठी दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा दोन वेळा 'प्ले-पॉज' पाठवायचा, एवढाच बदल करायचा होता. तो केल्यावर पहिल्याच दिवशी आवाज अगदी तुटक तुटक, गचके खात येऊ लागला. कारण शोधायला मला संध्याकाळ लागली. कळ दाबून धरली की कर्नल स्वतःच तिची पुनरावृत्ती सुरू करतो: सुरुवातीला २५० मिलिसेकंद थांबून, आणि मग दर ३३ मिलिसेकंदांनी किंमत २ असलेला इव्हेंट पाठवत राहतो. माझा प्रोग्राम या प्रत्येक २ ला नवा दाब समजत होता. किंमत २ असेल तर दुर्लक्ष करायचे, ही एक ओळ घातल्यावर पेडल जसे चालायला हवे तसे चालू लागले आणि आजतागायत चालते आहे.

याच लायब्ररीने एक आभासी उपकरण निर्माण करून लगेच कळा पाठवल्या तर पहिल्या काही कळा हरवतात, हेही माहीत असावे. डेस्कटॉपला नवे उपकरण आल्याचे कळून ते उघडायला थोडा वेळ लागतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातील उदाहरणातही उपकरण निर्माण केल्यावर एक सेकंद थांबलेले आहे. कळांची यादी आधीच पूर्ण जाहीर करावी लागते हेही तसेच महत्त्वाचे आहे. जाहीर न केलेली कळ पाठवली तर कर्नल कोणतीही तक्रार न करता ती टाकून देतो, आणि चूक कुठे झाली हे समजत नाही. पायथन-एव्हडेव्हला काहीच सांगितले नाही तर ती सगळ्याच कळा जाहीर करते. हे नवख्याला सोयीचे असले तरी उपकरण कळफलक आहे की आणखी काही हे यंत्रणा या जाहीर केलेल्या कळांवरूनच ठरवते, म्हणून हव्या तेवढ्याच कळा सांगाव्यात असे माझे मत झाले आहे.

आता मराठी लिहिणाऱ्यांसाठी जो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, तो. ध्वनिमुद्रणात एखादा शब्द ऐकू आला नाही तर मी त्या जागी 'अस्पष्ट' असे लिहून पुढे जाते. हा शब्द डाव्या पट्टीने आपोआप उमटावा अशी माझी इच्छा होती. येथे यूइनपुटची मर्यादा समोर येते: त्याला अक्षरे ठाऊकच नाहीत, त्याला फक्त कळा ठाऊक आहेत. 'अ' पाठव असे त्याला सांगता येत नाही. शिफ्ट धरून ३२ क्रमांकाची कळ दाब, एवढेच सांगता येते, आणि त्याचा 'अ' करायचा की इंग्रजी 'डी' हे त्या क्षणी चालू असलेली मांडणी ठरवते. म्हणून 'अस्पष्ट' हा शब्द मला इनस्क्रिप्टच्या हिशेबाने कळांत मोडावा लागला: 'अ'साठी शिफ्टसह ३२, 'स'साठी ५०, हलन्तासाठी ३२, 'प'साठी ३५, 'ष'साठी शिफ्टसह ५१, पुन्हा हलन्तासाठी ३२ आणि 'ट'साठी ४०. त्या क्रमाने तो शब्द अचूक उमटतो. मात्र मधल्या काळात इंग्रजी मांडणी चालू राहिली असेल, तर त्याच कळांमधून 'डी', 'एम', 'डी', 'एच' अशी अर्थहीन रांग कागदावर येते. जे फोनेटिक पद्धतीने मराठी लिहितात त्यांना हीच यादी निराळी करावी लागेल. हा यूइनपुटचा दोष नव्हे, कारण खऱ्या कळफलकालाही अक्षरे ठाऊक नसतात. पण ज्या भाषेच्या मांडण्या घरोघरी वेगळ्या आहेत, तिच्या लेखकांना ही गोष्ट आधीच कळलेली बरी. तयार वाक्ये उमटवण्याचा उद्देश असेल तर लेखनाच्या प्रोग्राममधील आपोआप दुरुस्तीची सोय अधिक भरवशाची आहे. मी डाव्या पट्टीवर हा शब्द ठेवला आहे, कारण माझा संगणक दिवसभर इनस्क्रिप्टवरच असतो.

परवानग्यांविषयी मी अधिक आग्रहाने लिहीत आहे, कारण येथे केलेली घाई महागात पडू शकते. बहुतेक लिनक्सवर यूइनपुटची फाइल फक्त मुख्य प्रशासकाला उघडता येते. ही अडचण दूर करण्यासाठी 'स्वतःला इनपुट गटात घाला' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सल्ला मानू नये. त्या गटात गेलेल्या व्यक्तीच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम खऱ्या कळफलकावरची प्रत्येक कळ, पासवर्डांसह, गुपचूप वाचू शकतो. माझ्याकडे लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणे असतात, त्यामुळे हे मला मुळीच मान्य नव्हते. मी आधी यूडेव्हचा (उपकरणांच्या फाइली आणि त्यांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून केवळ पेडल आणि यूइनपुट या दोन फाइली लॉगिन केलेल्या व्यक्तीला खुल्या करून पाहिल्या. नियमाच्या फाइलीला ९९ क्रमांक दिल्याने तो लागूच होत नव्हता. असा नियम ७३ च्या आधीच्या क्रमांकाच्या फाइलीत असावा लागतो. तो चालू झाल्यावर लक्षात आले की यूइनपुटवर लिहिण्याचा हक्क असलेला प्रोग्राम कोणत्याही खिडकीत, टर्मिनलमध्येसुद्धा, माझ्या नावाने टंकलेखन करू शकतो, आणि तो हक्क मी माझ्या सगळ्याच प्रोग्रामना देऊन बसले होते. शेवटी मी पेडलासाठी एक वेगळे खाते आणि वेगळा गट केला, दोन्ही फाइली फक्त त्या गटाला दिल्या आणि प्रोग्राम सिस्टमडीची सेवा म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीत आपोआप चालणारा प्रोग्राम म्हणून, त्या खात्यातून चालवला. आभासी उपकरण कर्नलच्या पातळीवर निर्माण होत असल्यामुळे निराळ्या खात्यातून चालूनही ते माझ्या डेस्कटॉपवर बिनदिक्कत काम करते. पेडलाची वायर निघाली की वाचन थांबून प्रोग्राम संपतो. सेवेला पुन्हा सुरू होण्यास सांगून ठेवले की वायर जोडल्यावर सगळे पूर्ववत होते.

पूर्वी अशा कामासाठी एक्सडूटूल हे कळा पाठवणारे साधन पुरेसे होते. ते एक्स ११ या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या सोयीवर चालते, आणि तिच्या जागी आलेल्या वेलँडवर त्याच्या कळा केवळ जुन्या पद्धतीने चालणाऱ्या खिडक्यांपर्यंत जातात. वायडूटूल हे त्याच्या जागी वापरले जाते आणि ते यूइनपुटवरच आधारलेले आहे, म्हणून अक्षरांबाबतची वर सांगितलेली अडचण त्यालाही आहे. २०२३ साली लिबईआय या कळा पाठवण्यासाठीच्या लायब्ररीची १.० आवृत्ती आली. तिच्यातून आलेली कळ प्रोग्रामने बनवलेली आहे हे डेस्कटॉपला ठाऊक असते आणि तो वापरकर्त्याची संमती मागू शकतो. दूरस्थ संगणक चालवण्यासारख्या कामांसाठी तो मार्ग योग्य आहे. माझ्या पेडलासाठी मात्र यूइनपुटच बरे, कारण पेडल हे खरोखरच एक उपकरण आहे.

ज्यांना प्रोग्रामची एकही ओळ लिहायची नाही त्यांनी कीडी हा कळा बदलून देणारा तयार प्रोग्राम वापरावा. तो आतून यूइनपुटच वापरतो, एका छोट्या मजकूर-फाइलीत कोणत्या कळेचे काय करायचे ते लिहिले की झाले. मी लॅपटॉपच्या कॅप्सलॉकसाठी तो वापरते. त्याआधी तेच काम स्वतःच्या प्रोग्रामने करण्याचा प्रयत्न केला होता आणि एक चांगलाच धडा मिळाला: टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून एंटर दाबले, बोट उचलण्याच्या आत प्रोग्रामने कळफलक ग्रॅब केला, एंटर सोडल्याचा निरोप टर्मिनलला मिळालाच नाही आणि रिकाम्या ओळी धावत सुटल्या. कळफलक ग्रॅब करण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबावे. कीडीमध्ये बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबून तो बंद करण्याची सोय आहे. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याने असा सुटकेचा मार्ग आधी ठेवावा.

लॅपटॉपवर आणखी एक उणीव दिसते. टंकताना तळहात टचपॅडला लागला तरी कर्सर हलू नये अशी व्यवस्था असते, पण ती लॅपटॉपच्या अंगच्या कळफलकाला ओळखून चालते. सर्व कळा आभासी कळफलकातून येऊ लागल्या की लिबइनपुट (कळफलक आणि टचपॅड हाताळणारी लायब्ररी) त्याला बाहेरचा कळफलक समजते आणि लिहिता लिहिता कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो. लिबइनपुटच्या स्थानिक क्वर्क्स फाइलीत, म्हणजे उपकरणांच्या अपवादांच्या नोंदींत, त्या आभासी कळफलकाचे नाव देऊन तो अंतर्गत आहे असे नोंदवले की हे थांबते. पेडलाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण लॅपटॉपचा कळफलक तेथे जसाच्या तसा राहतो.