इंदूरमधला तयार बाळंतविडा: आईचा कप्पा ठेवा, बाळाचा रिकामा करा

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा मराठी वस्त्यांत घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका आता बाळंतविडाही पेटीत भरून देतात. एक कप्पा बाळंतिणीचा असतो. त्यात डिंकाचे लाडू, अळीव, सुंठपूड, बाळंतशेपा, ओवा, शतावरी कल्प आणि कधी दशमूलारिष्टाची बाटली. दुसरा कप्पा बाळाचा: गुटीचा संच, मधाची बाटली, काजळाची डबी, वेखंड पावडर, धुरीची पुडी, मोहरीची उशी, शिवाय झबली-टोपडी-दुपटी. पेटी देखणी दिसते, बाळ-बाळंतिणीला बघायला जाताना काय न्यायचं हा प्रश्न सुटतो, म्हणून ती खपते. पण दोन्ही कप्प्यांची लायकी सारखी नाही. पहिला बहुतेक चांगला आहे. दुसऱ्यातल्या कपड्यांखेरीज जवळपास काहीच बाळापर्यंत पोचू देऊ नये.

सुरुवात लाडवांपासून, कारण पेटीचे निम्मे पैसे तिथेच जातात. चांगल्या लाडवाचं साधारण प्रमाण असं: डिंक पाव किलो, खारकेची पूड अर्धा किलो, किसलेलं सुकं खोबरं पाव किलो, बदाम १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ अर्धा किलो, तूप ३०० ग्रॅम, वर सुंठ आणि वेलची. यात ४० ग्रॅमचे ४८ च्या आसपास लाडू होतात आणि एका लाडवातून अंदाजे १९० किलोकॅलरी मिळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं मान सांगतं. म्हणजे दिवसाला दोन लाडू पुरे. उरलेली भर वरण, दूध, अंडी, उसळी यांनी भरून काढावी, कारण याच काळात प्रथिनंही रोज १७ ग्रॅमच्या आसपास जास्त लागतात आणि ती लाडवात फारशी नसतात. ‘बाळंतिणीने खावं तेवढं खावं’ म्हणत दिवसाला पाच-सहा लाडू भरवले की जेवण सुटतं आणि पोट जड होतं.

लाडू पारखायचा तर एक फोडून बघा. फुललेला डिंक बोटाने दाबला की भुगा व्हायला हवा. मधे काचेसारखा कडक, चिकट कण लागला तर डिंक आत कच्चा आहे आणि तो दातांना चिकटेल. हे दोन कारणांनी होतं: खडे हरभऱ्यापेक्षा मोठे राहिले, किंवा तूप इतकं कडकडीत होतं की बाहेरून रंग आला आणि आत कच्चाच राहिला. डिंक मध्यम आचेवर, एका वेळी चमचाभरच टाकून तळावा लागतो. घाऊक काम करणाऱ्यांना तेवढा धीर नसतो, म्हणून ही चूक सर्रास दिसते. दुसरी परीक्षा खोबऱ्याची. लाडू नाकाजवळ नेताच खवट वास आला तर तो परत करा. सुक्या खोबऱ्यातलं तेल उन्हाळ्यात लवकर खराब होतं. तिसरी तुपाची. वनस्पती तुपाचा लाडू खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसतो. आणि कणीक किंवा रवा भरून वजन वाढवलेला लाडू हातात हलका, पिठूळ लागतो. तो वाईट नाही, पण डिंकाच्या भावाने घेऊ नये.

सिझेरियन झालं असेल तर पोट साफ व्हायला लागेपर्यंत लाडू थांबवा, मग अर्ध्यापासून सुरू करा. डिंक पोटात पाणी ओढून फुगतो. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठता होते आणि टाक्यांवर ताण येतो. गरोदरपणात साखर वाढलेली होती त्यांनी ‘गुळाचा आहे, चालतो’ या समजुतीवर जाऊ नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन होणारी तपासणी करून घ्यावी आणि तोवर लाडू डॉक्टरांना विचारूनच खावा.

अळिवाच्या बाबतीत पेटीवाल्यांचं गणित चुकतं. काही जणी कोरडा अळीव न देता ओल्या नारळाचे तयार लाडूच देतात. ओलं खोबरं असलेला लाडू फ्रिजबाहेर दोन-तीन दिवसांवर टिकत नाही आणि एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात तेवढाही नाही. कोरडा अळीवच मागा. घरी एक चमचा दाणे दुधात किंवा नारळपाण्यात दोन तास भिजवले की गिळगिळीत फुगतात, मग खीर करा. मात्र अळिवात लोह आहे म्हणून सरकारी लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी घ्यायची असते. ती चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून किमान दोन तास लांब ठेवावी, नाहीतर लोह अंगाला लागत नाही.

खरं तर हा कप्पा स्वतः भरणंही फार अवघड नाही. सियागंजच्या घाऊक बाजारात किंवा पंसाऱ्याकडे सगळं सुटं मिळतं, फक्त हिंदी नावं माहीत हवीत. अळीव म्हटलं तर पुष्कळदा कळत नाही, ‘असालिया’ म्हणा, लगेच काढून देतात. नीमचच्या मंडीत तो याच नावाने विकला जातो. खारीक म्हणजे छुहारा, बाळंतशेपा म्हणजे सुवा, वावडिंग म्हणजे बायविडंग. सगळ्यात मोठा घोळ डिंकाचा. नुसतं ‘गोंद’ म्हटलं तर कधी गोंद कतीरा हातात पडतो. तो पाण्यात भिजवून सरबतात घालायचा, तुपात फुलतच नाही, आणि पाव किलो तूप वाया गेल्यावरच ते लक्षात येतं. ‘लड्डू वाला गोंद’ असं स्पष्ट सांगा, बाभळीचा किंवा धावड्याचा. चार खडे घरी आणून आधी तुपात टाकून बघा, मग बाकीचा घ्या.

शेपा, ओवा आणि थोडी बडीशेप भाजून केलेली सुपारी जेवणानंतर चावायला छान. तिच्याबद्दल तक्रार नाही.

दूध वाढावं म्हणून दिल्या जाणाऱ्या शतावरी कल्पाची बाटली उलटी करून घटक वाचा. बहुतेक कल्पांत सगळ्यात जास्त असते ती साखर. दूध वाढतं ते बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा, दोन्ही बाजूंनी आणि नीट पकड घेऊन पाजल्याने. बाळाच्या तोंडात फक्त बोंड आहे की भोवतालचा काळा भागही आहे, हे बघितल्याने जे साधतं ते कल्पाच्या दोन डब्यांनी साधत नाही. दशमूलारिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, लेबलवर तसं छापलेलंही असतं. बाळंतपणानंतर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशकाच्या गोळ्या पुष्कळदा दिल्या जातात आणि त्यांच्याबरोबर अल्कोहोल गेलं तर उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो. ही बाटली पेटीतून काढायला सांगा. वैद्यांनी लिहून दिली तर गोष्ट वेगळी.

आता बाळाचा कप्पा. इथे सावकाश वाचा.

गुटीच्या संचात मुरडशेंग, हिरडा, बेहडा, जायफळ, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, बदाम, खारीक अशी पंधरा-वीस काष्ठं असतात. सहाणेवर कुणाचा एक वळसा, कुणाचे दोन, आणि मात्रा तीच मानली जाते. पण सहाण खरखरीत की गुळगुळीत, हात हलका की जड, यावर पोटात किती गेलं ते ठरतं. तीन किलोच्या जिवाला हा फरक मोठा आहे. जायफळाने बाळ गाढ झोपतं आणि ‘गुटी मानवली’ असं घरच्यांना वाटतं. त्या झोपेत दूध चुकतं. पहिल्या आठवड्यात दूध चुकलं की साखर उतरते, वजन घटतं, कावीळ वाढते. भारतीय वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते पोटात घेण्याच्या दृष्टीने सुरक्षित मानलं जात नाही. अतिविष महाग असल्याने त्यात भेसळ होते. बचनाग त्याच कुळातला, मुळं दिसायला जवळची, आणि तो जहाल विषारी. पेटीत सुट्या पुडीत आलेलं मूळ नेमकं कुठलं, हे घरी कुणालाच ओळखता येणार नाही. त्यात दमट डब्यातल्या बदाम-खारकेला बुरशी येते आणि सहाण-पाण्यातून जंतू जातात. पहिले सहा महिने आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिली तर थेंबांची औषधं, एवढंच. आजीचा जीव गुटीत अडकला असेल तर तिला वाद नको, वजनाचा कागद दाखवा. जन्मानंतर थोडं घटलेलं वजन दोन आठवड्यांत भरून आलं आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढत राहिलं, तर दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तरीही तेच. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला तरी वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. लागते ती आईला तहान, तिचा तांब्या भरलेला ठेवा.

मध वर्षाच्या आत मुळीच नाही. चाटणातून नाही, सोन्याच्या वळ्याने नाही, जिभेला लावण्यापुरताही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बद्धकोष्ठता, क्षीण रडणं, चोखण्याचं बळ जाणं, मान ढिली पडणं अशा क्रमाने ते दिसतं आणि श्वासापर्यंत पोचू शकतं. मध शुद्ध असो की जंगलातला, घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत. ‘शुद्ध मध’ अशी चिठ्ठी चिकटवून ही बाटली बाळाच्या कप्प्यात ठेवणं हा या पेट्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो विकणारीला स्पष्ट सांगायलाच हवा.

काजळात शिसं सापडलेलं आहे. घरी धरलेल्या काजळीत शिसं नसलं तरी बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट लावायचीच तर तळपायाला लावा. वेखंड पावडर आणि टाल्क दोन्ही बाळाच्या श्वासात जातात, लंगोटाच्या जागी कोरडं सुती कापड पुरतं. धुरीची पुडी काढून टाका. शेगडीही नको. इंदूरच्या डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा दारं-खिडक्या लावून खोलीत कोळसा पेटवण्याचा मोह होतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. खोली २५ ते २८ अंशांवर ठेवायला कॉइल न दिसणारा ऑइल हीटर चालेल. त्याहून चांगला उपाय म्हणजे टोपडं-मोजे घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल.

मोहरीची उशी, म्हणजे इथली ‘राई का तकिया’, डोकं गोल व्हावं म्हणून देतात. झोपेत बाळाजवळ कुठलीच उशी नको. मान वाकते, तोंड त्यात रुततं, शिवण उसवली तर दाणे तोंडात. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर झोपवावं. डोक्याचा आकार सांभाळायला जागेपणी, कुणीतरी समोर बसून, थोडा वेळ पोटावर झोपवा.

मालिशचं तेल पेटीत असलंच तर खोबरेल असावं, मोहरीचं नको. मोहरीच्या तेलाने नवजात त्वचेला त्रास होतो. टाळूवर हलकं बोट फिरवलेलं चालतं, पण नाका-कानात थेंब सोडू नयेत. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नाळेला तेल, हळद, राख काहीच नको. ती कोरडी राहिली की बहुधा पाच ते पंधरा दिवसांत पडते.

कपडे मात्र बहुतेक पेट्यांत उत्तम असतात. मऊ मलमलीची दुपटी, पाठीमागे बांधायचे बंद असलेली झबली, हे बाजारातल्या नायलॉनच्या तयार सेटपेक्षा कितीतरी बरं. कुंचीवरचे मोती आणि टिकल्या उसवून टाका, गळ्यापाशी नाडी असेल तर ती काढा, आणि सगळं एकदा साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवूनच अंगावर घाला.

पेटीबरोबर ‘भेट’ म्हणून दुधाची बाटली किंवा पावडरीचा नमुना आला तर घेऊ नका. त्यांची विक्री वाढवण्यासाठी असे नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

जे पेटीत हवं ते नेमकं नसतं. डिजिटल थर्मामीटर ठेवला तर पैसे सार्थकी लागतील. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसला पोचलं किंवा ३५.५ च्या खाली गेलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळाने दूध ओढणं सोडलं तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका. मोठ्या आकाराचे प्रसूती पॅडही हवेत. तासाभरात एक पूर्ण भिजत असेल, ताप येत असेल, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आईलाही तितक्याच तातडीने न्यायचं.

मागणी देताना विकणारीकडे १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) क्रमांक मागा, लाडवांच्या डब्यावर केल्याची तारीख लिहून घ्या. मध, गुटी, काजळ, वेखंड, धुरी, उशी ही सहा नावं फोनवरच वगळायला सांगा. बहुतेक जणी त्याऐवजी दोन दुपटी वाढवून देतात. आणि आठव्या महिन्यात फक्त नाव नोंदवा. लाडू वळायला बाळ जन्मल्यावर सांगा. आधी करून ठेवलेला डबा सव्वा महिना संपायच्या आतच खवट होतो.