मल्टिरोटरसाठी वीज-वितरण बोर्ड: स्वतः बनवावा, तयार घ्यावा की वगळावा?

मल्टिरोटरमध्ये, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनमध्ये, एका बॅटरीतून येणारी वीज चार ईएससी (मोटरींचा वेग नियंत्रित करणारी सर्किटे), फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा बोर्ड) आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचवणे, एवढेच वितरण बोर्डाचे काम. मात्र उड्डाणात त्यातला एक जोड सुटला तरी चार मोटरींचा ड्रोन सावरणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे मोटर निवडताना आपण जितका विचार करतो तितकाच इथेही करायला हवा. पर्याय चार आहेत: नुसत्या वायरींचा हार्नेस (जुडगा), घरी बनवलेला बोर्ड, बाजारातला तयार बोर्ड आणि चारही ईएससी एकाच बोर्डावर असलेला, त्यामुळे वेगळा बोर्ड अनावश्यक करणारा फोर-इन-वन ईएससी.

यांची तुलना करताना छापील ॲम्पियरच्या आकड्याआधी तांब्याची जाडी आणि रुंदी पाहावी, असे माझे ठाम मत आहे. साध्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. अशा थराची ५० मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद पट्टी घेतली, तर तिचा रोध सुमारे अडीच मिलिओहम भरतो आणि तिच्यातून सलग ४० ॲम्पियर वाहिल्यास जवळपास ४ वॅट उष्णता तिथेच तयार होते. थर ७० मायक्रॉनचा असेल तर ही उष्णता निम्मी होते. आणि तेवढ्याच लांबीच्या १२ गेजच्या वायरीत ती अर्ध्या वॅटच्याही आत राहते. म्हणजे निव्वळ विद्युतप्रवाह वाहून नेण्याच्या कसोटीवर साधा हार्नेसच सरस ठरतो. शिवाय त्यात धन आणि ऋण वायरी एकमेकींना पीळ देऊन नेता येतात, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात आणि होकायंत्राला कमी त्रास होतो. त्याची उणीव वेगळीच आहे: पाच वायरी एकत्र येतात तो जोड जाडजूड होतो आणि एखादा ईएससी बदलायचा झाला की सगळा जोड उकलावा लागतो.

घरी बोर्ड बनवण्यात शिकायला पुष्कळ मिळते आणि आकार आपल्या फ्रेमप्रमाणे ठेवता येतो. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे चारही बाजूंचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या) सारखेच रुंद ठेवले जातात. प्रत्येक मोटरीकडे १५ ॲम्पियर जात असतील तर बॅटरीच्या पॅडपाशी (वायर सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेपाशी) ६० ॲम्पियर एकत्र येतात आणि बोर्ड नेमका तिथेच तापतो. ऋण बाजूनेही तितकाच प्रवाह परत येतो, हे विसरून चालत नाही. दुसरी चूक म्हणजे ट्रॅकवर सोल्डरचा थर चढवून तो भक्कम झाला असे मानणे. शिसे-कथील सोल्डरची रोधकता तांब्याच्या आठ-नऊ पट असते, त्यामुळे त्या थराचा उपयोग अल्पच. त्याऐवजी ट्रॅकच्या संपूर्ण लांबीवर तांब्याची उघडी, जाड तार सोल्डर करावी.

तयार बोर्डाचे खरे मोल त्यावरच्या बीईसीमध्ये (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून इतर उपकरणांना देणाऱ्या रेग्युलेटरमध्ये) आणि करंट सेन्सरमध्ये (विद्युतप्रवाह मोजणाऱ्या भागामध्ये) आहे. बीईसी स्विचिंग पद्धतीचा आहे ना, हे आधी पाहावे. पूर्ण भरलेल्या चार सेलच्या बॅटरीचे १६.८ व्होल्ट लिनिअर रेग्युलेटरने ५ व्होल्टवर आणले, तर दर ॲम्पियरमागे ११.८ वॅट उष्णतेत जातात. सहा सेलची बॅटरी भरल्यावर २५.२ व्होल्ट देते, तेव्हा बोर्डाची मर्यादा त्याहून पुरेशी वर असावी. बॅटरीच्या पॅडवर कमी अंतर्गत रोधाचा, ३५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जरूर लावावा, कारण मोटरींचा वेग एकदम कमी होताना व्होल्टेज क्षणभर उसळते.

बोर्ड कितीही उत्तम असला तरी सोल्डरिंग कच्चे राहिले तर सगळे व्यर्थ. तयार बोर्डावर मी एकदा कमी वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने १२ गेजची वायर जोडली होती. वरून जोड गोल, भरीव दिसत होता. हलक्या हाताने ओढताच सोल्डरचा गोळा वायरीसकट सुटून आला आणि खालचा पॅड जवळजवळ कोरा निघाला. जाड तांबे उष्णता ओढून घेते, त्यामुळे पॅड तापण्याआधीच सोल्डर थिजते. रुंद टोक, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) आणि वायर व पॅड या दोहोंना आधी स्वतंत्रपणे सोल्डर लावून घेणे, हाच त्यावरचा उपाय.

पाच इंची पंख्यांच्या वेगवान ड्रोनसाठी मी फोर-इन-वन ईएससीच सुचवेन: वजन कमी, जोड कमी, आणि ३०.५ मिलिमीटर अंतराच्या छिद्रांमुळे तो बऱ्याच फ्रेममध्ये बसतो. एक चतुर्थांश जळाला तर बहुधा संपूर्ण बदलावा लागतो, ही किंमत मान्य करावी. मोठ्या, संथ फ्रेमवर मात्र ईएससी भुजांवर ठेवून मधे ७० मायक्रॉन किंवा अधिक जाड तांब्याचा तयार बोर्ड घ्यावा. डीजेआय एफ४५० सारख्या काही फ्रेमच्या खालच्या प्लेटमध्येच वितरणाचे ट्रॅक असतात. तिथे वेगळा बोर्ड लागत नाही.

पर्याय कोणताही असो, पंखे काढून ठेवून आणि बॅटरी जोडण्यापूर्वी धन-ऋण पॅडवर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेले असल्यास आवाज करणाऱ्या सेटिंगवर) लावून पाहावा. कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर आवाज येऊन थांबला तर तो चिंतेचा विषय नाही. आवाज सलग राहिला तर शॉर्ट आहे. पहिली जोडणी मालिकेत दिवा लावूनच करावी: तो पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला तर बॅटरी लगेच काढावी.