‘तोस्का’ची चार ध्वनिमुद्रणं: नऊ महिने ऐकल्यानंतर

गेल्या दिवाळीत इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराची, म्हणजे गाण्यातून सादर होणाऱ्या नाटकाची, एक सीडी घ्यायची ठरवली होती, एकच. आज कपाटात चार ‘तोस्का’ आहेत आणि नऊ महिन्यांत त्या चारही मी पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत: रात्री जेवणं आटोपल्यावर स्पीकरवर, झोपताना हेडफोनवर, आणि सकाळी डोंबिवलीहून निघणाऱ्या लोकलमध्ये. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी जे ठामपणे सांगितलं असतं, त्याच्या बरोबर उलट आज सांगणार आहे. म्हणून एवढा उशिरा लिहितेय.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोम, जून १८००. गायिका तोस्का, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी आणि दोघांच्या मागे लागलेला पोलीसप्रमुख स्कार्पिया. पहिला अंक चर्चमध्ये, दुसरा स्कार्पियाच्या दालनात, तिसरा किल्ल्याच्या गच्चीवर पहाटे. चर्च, राजवाडा, किल्ला, तिन्ही जागा रोममध्ये आजही उभ्या आहेत. पहिला प्रयोग १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्येच झाला. पूर्ण ऑपेरा दोन तासांच्या आत संपतो, त्यामुळे नवीन ऐकणाऱ्यालाही झेपतो.

सुरुवातीला मी ज्याच्या प्रेमात पडले ते ध्वनिमुद्रण १९६२ चं. वाद्यवृंदाचे संचालक हर्बर्ट फॉन कारायान, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, तोस्का म्हणून लिओन्टाइन प्राइस, ध्वनिमुद्रणाचे निर्माते जॉन कल्शॉ. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा तो बहराचा काळ, आणि ते कानाला लगेच कळतं. पहिल्या अंकाच्या शेवटचं ‘ते देउम’ ऐका. चर्चमध्ये लोक जमताहेत, दोन घंटांचे दोन सूर आलटून पालटून एकसारखे पडताहेत, अधूनमधून तोफेचा आवाज येतोय, ऑर्गन आणि कोरस भरत चाललाय, आणि त्या सगळ्याच्या पोटात स्कार्पिया स्वतःशी तोस्काचा विचार करतोय. नेपोलियन हरला या बातमीसाठी हे आभाराचं स्तोत्र चाललंय आणि बातमी खोटी आहे, हे आपल्याला पुढच्या अंकात कळतं. कारायान हा प्रवेश सावकाश चढवत नेतात. घाई नाही, पण सुटकाही नाही. आमच्या हॉलमधल्या साध्या स्पीकरवरसुद्धा जमिनीतून कंप आल्यासारखा वाटतो.

प्राइसचा आवाज म्हणजे खालच्या पट्टीत धुरकट आणि वर गेला की एकदम उजळणारा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली ही कृष्णवर्णीय मुलगी १९५५ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर तोस्का म्हणून उभी राहिली, तेव्हा दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो कार्यक्रम दाखवायलाच नकार दिला होता. सात वर्षांनी व्हिएन्नात तिने हेच गायलं. हे कळल्यापासून तिच्या आवाजातला डौल मला वेगळाच ऐकू येतो.

मग कुरबूर कसली? पहिली अगदी व्यवहारातली. १९६२ चं ध्वनिमुद्रण लोकलमध्ये ऐकता येत नाही. हळू जागा इतक्या हळू आहेत की ठाण्यापर्यंत काही कळत नाही, आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी कान फाटतात. यासाठी घर हवं, रात्र हवी, शेजारी समजूतदार हवेत. दुसरी कुरबूर लक्षात यायला दोन-तीन महिने लागले आणि ती मला दुसऱ्याच ध्वनिमुद्रणाने दाखवली.

ते ध्वनिमुद्रण १९५३ चं. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, ऑगस्ट महिन्यात केलेलं. तोस्का मारिया कॅलस, चित्रकार ज्युसेप्पे दी स्तेफानो, स्कार्पिया तितो गोब्बी, आणि संचालक व्हिक्टर दे साबाता. मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा स्पष्ट सांगायचं तर सगळं एका खिडकीतून ऐकल्यासारखं वाटलं, आणि ‘हे एवढं नावाजलेलं का?’ असं म्हणून मी ते लोकलसाठी ठेवून दिलं. मोनो गर्दीतही नीट ऐकू येतं, तेवढाच उपयोग.

एका रविवारी दुपारी दुसरा अंक लावून मी भाजी निवडत होते. आई शेजारी बसलेली. आईचे कान नाट्यसंगीतावर तयार झालेले आहेत, इटालियनचा एक शब्द तिला येत नाही. तोस्काचं सुप्रसिद्ध पद आलं, ‘व्हिस्सी दार्ते’. कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुठल्या जिवाचं वाईट केलं नाही, असं ती म्हणते. आधी मी आईला प्राइसचं ऐकवलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “गोड आहे गं गळा.” कॅलसचं ऐकताना ती काहीच बोलली नाही. पद संपल्यावर म्हणाली, “ही बाई रडत नाहीये. ही देवाला विचारतेय.”

मी उठून सीडीसोबतची शब्दांची पुस्तिका काढली. ‘पेर्के, पेर्के, सिन्योरे’: का, का, देवा, मला याचं असं फळ का देतोस? पदाचा कणाच प्रश्न आहे. कॅलस दोन्ही ‘पेर्के’ वेगवेगळे म्हणते. पहिल्यात खरोखर उत्तराची वाट आहे, दुसऱ्यात उत्तर येणार नाही हे कळून चुकलंय. सूर तसे साधेच आहेत, फरक आहे तो शब्द कसा सोडलाय त्यात. आपल्याकडे पद म्हणताना शब्द गिळला तर जुनी माणसं लगेच नाराज होतात, तोच कान इथे उपयोगी पडला.

त्या दिवसापासून माझं ऐकणं बदललं. आणि बदलल्यावर जे दिसलं ते फक्त कॅलसचं नव्हतं. जास्त दे साबातांचं होतं.

दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. तोस्काने स्कार्पियाला सुरीने भोसकलंय. आता गाणं जवळजवळ नाहीच. ती त्याच्या मुठीतून रोम सोडून जाण्याचा परवाना ओढून घेते, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते, दूरवर ढोलाचा आवाज येतो, ती निघून जाते. काही मिनिटं वाद्यवृंद एकटाच गोष्ट सांगतो. १९६२ मध्ये हे अतिशय सुंदर वाजतं, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. १९५३ मध्ये ते त्या बाईच्या श्वासावर वाजतं. तंतुवाद्यं मध्येच थांबल्यासारखी होतात, जणू तीही मेणबत्ती कुठे ठेवू म्हणून बघताहेत, आणि मग पुन्हा पुढे सरकतात. त्याआधी कॅलस ते एकच वाक्य टाकते, ‘याच्यापुढे सगळं रोम थरथरत होतं’, छातीतल्या खोल सुरात, बोलणं आणि गाणं यांच्या सीमेवर. या तीन-चार मिनिटांसाठी मी हेडफोन लावून अंधारात बसते. स्टिरिओची आठवणही येत नाही.

माझी १९६२ बद्दलची दुसरी कुरबूर ती हीच. तिथे वाद्यवृंद भव्य आहे आणि गाणारे त्याच्यासमोर उभे आहेत. इथे दोन्ही एकाच छातीतून येतात. गंमत म्हणजे हे कारायान यांनाही ठाऊक होतं. व्हिएन्नाच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत ते दे साबातांची रेकॉर्ड ऐकायला मागायचे, असं कल्शॉ यांनी नंतर लिहून ठेवलंय. दे साबातांचं मात्र १९५३ मध्येच हृदयाचं दुखणं निघालं आणि संचालन जवळपास थांबलं. त्यांनी स्टुडिओ पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेला पूर्ण ऑपेरा हा एवढाच. हे वाचल्यावर मी बराच वेळ ती सीडी हातात धरून बसले होते.

दी स्तेफानो दोन्हीकडे आहे, आणि तुलनेसाठी याहून चांगली सोय नाही. १९५३ मध्ये तो बत्तीस वर्षांचा, १९६२ मध्ये एकेचाळीस. तिसऱ्या अंकात तोस्काचे हात हातात घेऊन तो ‘ओ दोल्ची मानी’ म्हणतो, या कोमल हातांनी खून केला म्हणून. १९५३ मध्ये तो आवाज इतका अलगद खाली आणतो की हात खरंच हातात घेतलेत असं वाटतं. १९६२ मध्ये वरच्या सुरांना ताण आहे, आवाज रुंद करून तो वेळ मारून नेतो. भाव तोच, मनही तेच, पण गळा साथ देत नाही. मला ते ऐकताना वाईट वाटतं आणि त्याचबरोबर त्याच्याबद्दल माया वाटते.

स्कार्पियाच्या बाबतीत मी शेवटपर्यंत ठरवू शकले नाही. १९६२ चा ज्युसेप्पे ताद्देई भोगी आहे, त्याचा आवाज मांसल आहे, तो जेवणाच्या टेबलावर बसूनच छळ करतोय हे त्याच्या आवाजात ऐकू येतं. गोब्बी त्याहून थंड. तो नम्रपणे बोलतो तेव्हा जास्त भीती वाटते. पहिल्या अंकातला भाग दे साबातांनी त्याच्याकडून तीसेक वेळा गाऊन घेतला असं सांगतात, आणि पटतं, कारण त्याच्या प्रत्येक ‘तोस्का’ या हाकेचा रंग निराळा आहे. भाषा कळत नसेल तर ताद्देई आधी भिडेल. पुस्तिका हातात घेऊन चार वेळा ऐकलंत तर गोब्बी.

तिसरी सीडी, संचालक कॉलिन डेव्हिस यांची १९७६ ची, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या वाद्यवृंदासह. मोन्सेरात काबाये आणि तरुण होसे कारेरास. आवाज स्वच्छ, गायन देखणं, कारेरास ताज्या पावासारखा गरम. काबायेचे हळू सूर ऐकून थक्क व्हायला होतं. पण तिच्या तोस्काने सुरी उचलली यावर माझा विश्वास बसत नाही. ज्यांना मोनो सहन होत नाही आणि १९६२ चे चढउतार नको आहेत, त्यांनी ही घ्यावी.

आता दोन कामाच्या गोष्टी. मोबाइलवरून ऐकत असाल तर गाण्यांच्या मधला विराम बंद करण्याची सोय आधी शोधा. ‘तोस्का’त अंक अखंड वाहतो, तुकडे केवळ सोयीसाठी पाडलेले असतात. दुसऱ्या अंकात बाहेरून तोस्काचं आणि कोरसचं गाणं खिडकीतून येत असतं, आत चौकशी चालू असते, आणि स्कार्पिया चिडून खिडकी लावतो तेव्हा ते गाणं चटकन तुटतं. त्या जागेच्या आसपास अॅपने अर्ध्या सेकंदाची शांतता घुसवली की पुच्चीनीने घडवलेली शांतता वाया जाते. दुसरं, १९५३ चं घ्यायचं तर कॅलसच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणांचं २०१४ मध्ये नव्याने केलेलं संस्करण बघा. माझ्याकडे आधी एक जुनं होतं, त्यात तंतुवाद्यांवर तारेसारखी किनार होती. नव्यात ती बरीच मवाळ झाली आहे.

चौथी सीडी १९६४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये केलेली. पुन्हा कॅलस, पुन्हा गोब्बी, चित्रकार म्हणून कार्लो बेर्गोंझी, संचालक जॉर्ज प्रेत्र. ही मी वापरलेली मागवली. विक्रेत्याने ‘उत्तम अवस्था’ लिहिलं होतं, पाकिटात पुस्तिका नव्हती आणि दुसरी सीडी तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच अडकत होती. नेमके तिथे, जिथे पहाटेच्या अंधारात चार हॉर्न (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) एकत्र उठतात, मेंढरांच्या घंटा वाजतात, मेंढपाळ पोर रोमच्या बोलीत गातो आणि मग गावभरच्या चर्चच्या घंटा एकेक करून जाग्या होतात. या घंटांसाठी पुच्चीनी मुद्दाम रोमला जाऊन किल्ल्यावरून पहाट ऐकून आला होता, सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा नेमका सूर त्याने विचारून घेतला होता. आणि माझी सीडी तिथेच टकटक करत अडकलेली. महिनाभर तगादा लावून बदलून घेतली.

पण या ध्वनिमुद्रणाबद्दल मला जे म्हणायचंय ते सीडीबद्दल नाही. बहुतेक लोक सांगतात की हे घेऊ नका, कॅलसचा आवाज गेलेला आहे. आवाज गेलाय, यात वाद नाही. बेर्गोंझी नितळ आणि सभ्य गातो, हुंदक्यांशिवाय. प्रेत्र यांचा वाद्यवृंद दे साबातांच्या जवळपासही येत नाही. मीही पहिल्यांदा अर्ध्यावर बंद केलं होतं.

नंतर एकदा दोन्ही कॅलस एकाच रात्री ऐकल्या. तिसऱ्या अंकात तोस्का चित्रकाराला सांगते, ‘ती सुरी मी त्याच्या काळजात खुपसली.’ ‘लामा’, म्हणजे सुरीचं पातं, या शब्दावर सगळ्यात वरचा सूर आहे, आणि तिथून एकदम खाली कोसळायचंय. १९५३ मध्ये एकोणतीस वर्षांची कॅलस तो सूर पात्यासारखाच मारते. १९६४ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, तो सूर थरथरतो, डोलतो, सुटतो की काय असं होतं. पण त्याच्या आधीची कहाणी ती ज्या शब्दांत सांगते, परवाना कसा मागितला, सुरी कशी दिसली, ती १९५३ पेक्षा जास्त खरी आहे. ही बाई ते करून आली आहे आणि अजून तिचे हात थांबलेले नाहीत.

सुरुवातीला मी तो सूर येण्याआधी पुढे ढकलायचे. आता ढकलत नाही. परवा आईने आतून विचारलं, “आज कुठली, तरुण की थकलेली?” मी थकलेली लावली होती. ती येऊन शेजारी बसली.