कंपनीनुसार की कामानुसार? लाइव्हमधल्या प्लगइनची मांडणी

एबलटन लाइव्ह या संगीत-निर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या ब्राउझरमध्ये (बाजूच्या यादीत) प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडलेले आवाजाचे छोटे प्रोग्राम, बहुधा आपोआप कंपनीच्या नावाखाली लागतात. नवं प्लगइन टाकलं तरी वेगळं काही करावं लागत नाही, ही मोठी सोय. पण गायकाचा 'स' कानाला टोचतो तेव्हा मनात कंपनी नसते, 'डी-एसर (असा 'स' मऊ करणारा प्लगइन) हवा' एवढंच असतं.

म्हणून माझा कौल कामानुसार मांडणीला. लाइव्ह १० पासून ब्राउझरमध्ये कलेक्शन, म्हणजे आवडत्या गोष्टींचे रंगीत गट, आली: सात रंग, प्रत्येकाला हवं ते नाव. प्लगइन निवडून १ ते ७ पैकी आकडा दाबला की ते त्या रंगात जातं. एक रंग ईक्यूला (सूर-पट्ट्यांचा समतोल), एक कॉम्प्रेसरला (आवाजातले चढउतार आवरणारा), एक रिव्हर्बला (घुमणारा आवाज). मात्र प्रत्येकात रोजच्या वापरातले दोन-तीनच ठेवा. सगळे भरले तर शोधाशोध पुन्हा तीच. रंग अपुरे पडले तर प्लगइन ऑडिओ इफेक्ट रॅकमध्ये (इफेक्ट एकत्र ठेवायच्या लाइव्हमधल्या चौकटीत) घालून यूझर लायब्ररीत (लाइव्हमधल्या आपल्या स्वतःच्या साठ्यात) कामाच्या नावाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. आपली सेटिंगही सोबत राहते, आणि खरा वेळ तिथेच वाचतो.

यासाठी सुरुवातीला एक संध्याकाळ द्यावी लागते, हे खरं. डिस्कवरच्या व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) फाइली मात्र हलवू नका; अपडेटच्या वेळी घोळ होतो. नाव पाठ असेल तर कंट्रोल-एफ दाबून शोधणं दोन्हींपेक्षा जलद.