अरीयपगकराच्या नावावरचं पुस्तक

मंडळीतला बायबल वर्ग मी घेते. प्रेषितांची कृत्ये 17:34 मध्ये, अथेन्समध्ये पौलाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत ‘दिओनुस्य अरीयपगकर’, म्हणजे तिथल्या अरीयपग या न्यायसभेचा सदस्य, येतो. एका ओळीत येतो आणि जातो. त्याच्या नावावर चार ग्रंथ आणि दहा पत्रं आहेत हे कळल्यावर मी पॉलिस्ट प्रेसचं 1987 चं ‘स्यूडो-डायोनिशियस : द कम्प्लीट वर्क्स’ मागवलं. डायोनिशियस म्हणजे हाच दिओनुस्य. इंग्रजी अनुवाद कोल्म लुइबहेड यांचा, टिपा पॉल रोरेम यांच्या.

आधी सातवं पत्र उघडलं. येशू क्रुसावर असताना आपण हेलिओपोलिसमध्ये सूर्य झाकोळलेला पाहिला, असं लेखक सांगतो. अंगावर काटा आला.

पण तो तिथे नव्हताच. हे लिहिणारा माणूस पाचव्या शतकाच्या अखेरचा किंवा सहाव्याच्या सुरुवातीचा. 485 मध्ये वारलेल्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाचं लेखन त्यानं वापरलंय, हे ह्यूगो कोख आणि योसेफ श्टिग्लमायर या अभ्यासकांनी 1895 मध्ये वेगवेगळं दाखवून दिलं. शंका तर 532 मध्येच निघाली होती. एफिससचे बिशप हिपेशियस यांनी विचारलं की लेखन अस्सल, तर अथनेशियस आणि सिरिल या आधीच्या मोठ्या धर्मगुरूंना ते ठाऊक कसं नव्हतं? तरी पुढे अक्वायनससारख्या मध्ययुगीन धर्मपंडितानं ते प्रमाण मानलं. ‘हायरार्की’, म्हणजे श्रेणींची उतरंड, हा शब्दही या लेखकानंच घडवलेला. धर्मसुधारक ल्यूथरनं मात्र 1520 मध्ये त्याला ख्रिस्तापेक्षा प्लेटोच्याच जवळचा ठरवलं.

मला फार लागलं. दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं.

मग त्या चार ग्रंथांतलं ‘मिस्टिकल थिऑलॉजी’ वाचलं. जेमतेम सातआठ पानं. मूर्तिकार दगडातलं नको ते काढत जातो आणि आत दडलेलं रूप दिसू लागतं, तसं देवाविषयी बोलताना एकेक शब्द काढत जायचं, असं तो म्हणतो. शेवटच्या प्रकरणात तो काढतच राहतो : आत्मा नाही, मन नाही, अंधार नाही, प्रकाशही नाही. ते पान मी मोठ्यानं वाचलं आणि तशीच बसून राहिले. प्रार्थनेत माझे शब्द संपतात तेव्हा नेमकं काय होतं, ते इतक्या नेटकेपणानं मला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रहणाची ती साक्ष मी माफ करणार नाही. पण हे पान मला हवंय, आणि मुखपृष्ठावरच ‘स्यूडो’, म्हणजे ‘खोटा’, असं छापलंय याचं समाधान आहे.

पुस्तक विकत घेणाऱ्यांनी हाच छोटा ग्रंथ आधी वाचावा, मग पत्रं. टिपा सोडू नका. कुठलं वाक्य पवित्र शास्त्रातून आलं आणि कुठलं तत्त्वज्ञांकडून, ते तिथेच कळतं. येत्या रविवारी वर्गात मूर्तिकाराचा उतारा वाचणार आहे, लेखकाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही हे आधी सांगून.