डागसुद्धा छापील होता

जंतरमंतरच्या एका ‘दोनशे वर्षं जुन्या’ चित्रापायी मला ३८,००० रुपयांचा फटका बसला. कसा, ते सविस्तर सांगतो, कारण ते दुकान अजून चालू आहे.

दिल्लीत नोकरीची २६ वर्षं गेली. ऑफिस कॅनॉट प्लेसजवळ, त्यामुळे डबा खाऊन जंतरमंतरात चक्कर मारायची सवय. हल्ली जंतरमंतर म्हटलं की लोकांना मोर्चे आणि उपोषणं आठवतात. मला आठवतं सम्राट यंत्र, जवळजवळ ७० फूट उंच तिरकी भिंत, जिच्या सावलीवरून वेळ कळते. सवाई जयसिंगाने ही वेधशाळा १७२४ च्या सुमारास बांधली. इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८९ मध्ये दिल्लीत आले तेव्हा तिची पडझड झालेली होती. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या छापील चित्रसंग्रहाच्या १४४ चित्रांत तिची दोन चित्रं आहेत. त्यातलं एक आपल्या भिंतीवर असावं, हे माझं जुनं वेड.

दुकानदाराने माझी हिंदी ऐकूनच ओळखलं. “महाराष्ट्र से हैं? साहब, ये तस्वीर बनी तब दिल्ली में आप ही लोगों का राज था।” आता हे खरंच आहे हो! १७८८ च्या अखेरीस महादजी शिंद्यांनी रोहिला सरदार गुलाम कादिरला हुसकून दिल्ली परत घेतली होती. माझी छाती फुगली आणि खिसा तिथेच सैल झाला.

चित्र फ्रेममध्ये होतं, मागून खाकी कागदाने बंद केलेलं. “खोलना मत, हवा लगते ही कागज झड़ जाएगा।” पिवळट कागद, खालच्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग. एकच गोष्ट खटकली. मूळ चित्र जवळजवळ दोन फूट रुंद असतं, हे जेमतेम फूटभर. विचारलं, तर म्हणाला, ही नंतरची छोटी आवृत्ती. घरी येऊन शोधलं. १८१२ ते १८१६ च्या दरम्यान खरंच छोटी आवृत्ती निघाली होती! झालं, माझी शंका मिटली. आवृत्ती तपासली, समोरचा कागद तपासलाच नाही.

१८,००० यूपीआयने दिले, २०,००० रोख. “जीएसटी क्यों भरें,” म्हणाला, आणि मीही मान डोलावली. हा माझा दुसरा गाढवपणा.

दीड वर्षाने घर बदलताना काच तडकली. फ्रेमवाल्याने खाकी कागद फाडला, तर चित्राची मागची बाजू पांढरीशुभ्र. शेजारच्या किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली धरली तर नीळ दिलेल्या धोतरासारखी चमकली. हल्लीच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालतात, ते असं चमकतं. चिंध्यांपासून केलेल्या त्या काळच्या कागदात ते कुठून येणार?

माझी भाची छापचित्रं शिकलेली. ती घड्याळजीचं भिंग घेऊनच आली. “मामा, हे बघ.” आभाळात, भिंतीवर, सगळीकडे निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, फुलांसारखे गोल मांडलेले. म्हणजे आजची यंत्रावरची ऑफसेट छपाई. डॅनियलची चित्रं ॲक्वाटिंटची. त्यात तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने पत्रा कोरतात. भिंगाखाली त्याचा पोत सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारखा वेडावाकडा दिसतो, आणि वर हाताने दिलेला रंग कुठे कुठे रेषेबाहेर गेलेला असतो. खालची अक्षरं कोरलेली, म्हणून त्यांची शाई सलग. माझ्या चित्रात तीही ठिपक्यांची. मग तिने भिंग पाण्याच्या डागावर नेलं. तिथेही ठिपके! डागसुद्धा छापील होता.

दुकानात गेलो तर तो शांत. म्हणाला, बिल वाचा. बिलावर ‘फ्रेम केलेलं सजावटीचं चित्र’, रक्कम १८,०००. सोबतच्या प्रमाणपत्रावर डॅनियलच्या नावाआधी एक छोटा शब्द, ‘आफ्टर’. म्हणजे डॅनियलवरून केलेलं. कोणी आणि कधी, ते कुठेच नाही. हे मी घेताना वाचलं होतं, पण नजर नावावर.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग ओळखीच्या वकिलाकडे गेलो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. पण तो म्हणाला, “रोख दिलेले विसरा, आणि बिल तुमच्याच विरुद्ध बोलतंय.” बिलावर चित्रकार, साल आणि छपाईची पद्धत लिहून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. शिवाय शंभर वर्षांवरच्या कलावस्तू विकायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. तो दाखवा म्हणायलाही मला सुचलं नव्हतं. जो विक्रेता फ्रेम उघडून भिंग लावू देत नाही, त्याच्याकडे मी आता चहासुद्धा घेत नाही.

तक्रार केली आहे, तारीख पडायची आहे. मधे भाची गिऱ्हाईक बनून त्या दुकानात जाऊन आली आणि फोटो काढून आणला. तेच जंतरमंतर, तीच खाकी पाठ, कोपऱ्यात त्याच जागी तोच डाग. भाव आता ४५,०००.