व्हीएममधला राउटर: आठ महिने वापरून, ५०० च्या प्लॅनचा पूर्ण स्पीड मिळवेपर्यंत

गेल्या डिसेंबरपासून नागपुरातल्या मनीषनगरमधल्या आमच्या घरचं सगळं इंटरनेट पंखा नसलेल्या एका मिनी पीसीवर चालतंय. इंटेल एन१००, चार कोअर, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट. त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी सिस्टम, आणि त्यात व्हीएम म्हणून पीएफसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर. फोटोंचा सर्व्हरही त्याच डब्यात. आज मी मनापासून समाधानी आहे, पण पहिला दीड महिना स्पीडनं रडवलं.

प्लॅन ५०० एमबीपीएसचा, डाउनलोड मात्र ४० च्या आसपास. पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ) ठणठणीत! बायकोचं ऑफिस घरून, तिचा व्हिडिओ कॉल दर दहा मिनिटांनी गोठायचा. कंपनीला दोनदा तक्रार केली. त्यांचा माणूस आला, त्यानं आपला लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावला आणि ४९० काढून दाखवले. "भाऊ, लाइन तर बरोबर आहे. तुमच्या या मशीनमध्येच काहीतरी आहे." त्याचं खरं होतं.

मग डेटाच्या रस्त्याचे तुकडे पाडून मोजायला बसलो. आयपर्फ३ या स्पीड मोजायच्या साधनानं लॅपटॉप ते प्रॉक्समॉक्स ९४० एमबीपीएस, म्हणजे गिगाबिट पोर्टवर मिळतो तेवढा पूर्ण. केबल, स्विच, ब्रिज (प्रॉक्समॉक्समधला आभासी स्विच) सगळे सुटले. अडत होतं ते फक्त पीएफसेन्समधून पलीकडे जाताना.

व्हीएमला मिळालेलं व्हर्टआयओचं नेटवर्क कार्ड आभासी, खरं हार्डवेअर नसतं. चेकसमचं (पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखायच्या आकड्याचं) काम कार्ड करेल असं समजून व्हीएम ते सोडून देते आणि पुढे पाठवलेल्या पॅकेटांचा चेकसम अर्धवट राहतो. समोरचं मशीन ती टाकून देतं, टीसीपी पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. पिंगला हा फटका बसत नाही, म्हणून मी इतके दिवस चकलो. सिस्टम, ॲडव्हान्स्ड, नेटवर्किंग इथे जाऊन हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करण्याच्या चौकोनात टिक केली, रीबूट केलं. थेट ३१०. त्या रात्री मी टेस्ट आठ वेळा चालवली असेल.

उरलेलं पीपीपीओईनं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीनं, खाल्लं होतं. कार्ड आयपी पत्ता आणि पोर्ट नंबर बघून पॅकेटं वेगवेगळ्या रांगांत वाटतं, पण पीपीपीओईच्या वेष्टनात ते पत्ते झाकलेले असतात. सगळं एकाच रांगेत, एकाच कोअरवर. टेस्ट चालू असताना टॉप (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) उघडलं तर एक कोअर १०० टक्के, बाकीचे निवांत. पॅकेटांचं काम बाकीच्या कोअरवरही वाटलं जावं म्हणून नेट.आयएसआर.डिस्पॅच ही सेटिंग 'डेफर्ड' केली, व्हीएमला खरा सीपीयू जसाच्या तसा दिसावा म्हणून तिचा सीपीयू प्रकार 'होस्ट' ठेवला. ४८० वर आलो आणि थांबलो. कार्ड थेट व्हीएमला देता येतं, पण मला गरज वाटली नाही.

मे महिन्यात पुन्हा स्पीड पडला, तोही फक्त दुपारी. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होता. डबा टीव्हीवरच्या बंद कपाटात, हात लावला तर चटका बसावा असा. सीपीयूचं तापमान नव्वदीपार आणि घड्याळाचा वेग आपोआप खाली. डबा कपाटातून काढून भिंतीवर उभा टांगला, वर यूएसबीवर चालणारा १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. तापमान सत्तरच्या खाली. नागपुरात पंखा नसलेला डबा घेत असाल तर त्याच दिवशी पंखाही घ्या.

व्हीएमचा खरा फायदा मला अपडेटच्या वेळी कळला. आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतो. एकदा अपडेटनंतर व्हीपीएन चालेना, दोन मिनिटांत मागे आलो. त्रास एकच, प्रॉक्समॉक्स रीबूट केलं की घरभर नेट बंद. ते मी रात्री अकरानंतरच करतो. लाइट गेली तर डबा आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. जुना राउटर पीपीपीओईचा पासवर्ड भरून खणात तयार ठेवलाय, मी गावाला असताना बायकोला फक्त एक केबल बदलावी लागते.